रिकामी यादी खरी की खोटी?
पायथॉनमधील सत्यपरीक्षेचा नियम एका ओळीचा. पण तो नेमका कोणता प्रश्न विचारतो, हे विसरल्यास किंमत मोठी

बेलव्ह्यू (वॉशिंग्टन) : वॉशिंग्टन सरोवराच्या पूर्वकाठावरील बेलव्ह्यू आणि त्याला लागून असलेले रेडमंड या शहरांत सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करणारी अनेक मराठी कुटुंबे राहतात. गणेशोत्सव असो वा संक्रांतीचे हळदीकुंकू, नोंदणीचा फॉर्म तयार करणे आणि आलेली उत्तरे चाळण्यासाठी पायथॉनमध्ये छोटासा प्रोग्रॅम लिहिणे, हे काम अशा घरांतील कोणीतरी हौसेने अंगावर घेतो. प्रोग्रॅम पंचवीस-तीस ओळींचा असतो, रात्री जेवणानंतर लिहिला जातो आणि दुसऱ्या दिवशी वापरातही येतो.

समजा, अशाच एका महाप्रसादाच्या फॉर्ममध्ये ‘मुलाला कोणत्या पदार्थांची अॅलर्जी आहे?’ असा प्रश्न आहे. पहिल्या मुलाच्या पालकांनी ‘शेंगदाणे’ असे लिहिले. दुसऱ्या मुलाच्या पालकांनी ‘कोणतीही नाही’ या चौकटीवर खूण केली. प्रोग्रॅमने त्यांच्या नावापुढे रिकामी यादी ठेवली. तिसऱ्या मुलाच्या पालकांनी घाईत तो प्रश्नच सोडून दिला. तेथे प्रोग्रॅमने पायथॉनमधील ‘नन’ हे अभावदर्शक मूल्य ठेवले. पुढची ओळ साधी आहे : ‘इफ नॉट अॅलर्जी’, म्हणजे अॅलर्जी नसेल, तर त्या मुलाच्या नावापुढे ‘सर्व पदार्थ चालतील’ असे छापावे.

प्रोग्रॅम कोठेही अडखळत नाही. दुसऱ्या मुलाला तो योग्य शेरा देतो आणि तिसऱ्यालाही तोच शेरा देतो. साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाण्याचे कूट असते, आणि तिसऱ्या मुलाबद्दल कोणालाच काही ठाऊक नाही. ‘अॅलर्जी नाही’ आणि ‘विचारले, पण उत्तर मिळाले नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एका शब्दाने एक करून टाकल्या. हा दोष पायथॉनचा नाही. विचारलेला प्रश्न आणि विचारायचा प्रश्न यांत पडलेल्या अंतराचा आहे. संग्रहांच्या सत्यतेची चाचणी पायथॉन कशी करतो, हे समजून घेण्याचे खरे कारण तेच. (या लेखात पायथॉनमधील सर्व शब्द देवनागरीत लिहिले आहेत.)

नियम काय आहे?

पायथॉनमध्ये प्रत्येक वस्तूला सत्यमूल्य असते. ‘इफ’ किंवा ‘व्हाइल’ यांच्यापुढे कोणतीही वस्तू ठेवता येते, आणि ती खरी की खोटी याचा निर्णय भाषा स्वतः करते. खोट्या मानल्या जाणाऱ्या अंगभूत गोष्टींची यादी लहान आहे : ‘फॉल्स’ आणि ‘नन’ ही दोन मूल्ये, कोणत्याही प्रकारचे शून्य, आणि प्रत्येक रिकामा संग्रह, मग तो स्ट्रिंग असो, यादी असो, टपल, डिक्शनरी, सेट किंवा रिकामी रेंज असो. एरवी, वस्तूने स्वतः वेगळे सांगितले नाही तर ती खरीच धरली जाते.

हा निर्णय दोन पायऱ्यांनी होतो. वस्तूच्या क्लासमध्ये ‘बूल’ नावाची विशेष मेथड असेल, तर तिचे उत्तर अंतिम मानले जाते. ती नसेल, तर लांबी सांगणारी ‘लेन’ ही विशेष मेथड आहे का, ते पाहिले जाते. लांबी शून्य असेल तर वस्तू खोटी, अन्यथा खरी. दोन्ही नसतील तर वस्तू खरी. यादी किंवा डिक्शनरी रिकामी असताना खोटी ठरते, ती या दुसऱ्या पायरीमुळे.

गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत पायथॉनवर काम सुरू केले. पहिली सार्वजनिक आवृत्ती १९९१ मध्ये आली. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये ते रेडमंड येथे मुख्यालय असलेल्या मायक्रोसॉफ्टमध्ये रुजू झाले. भाषेत प्रारंभी सत्यासत्यासाठी स्वतंत्र प्रकार नव्हता. १ आणि ० यांवर काम भागत असे. ‘बूल’ हा प्रकार २००३ मध्ये २.३ या आवृत्तीत आला, आणि जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून तो पूर्णांकाचाच उपप्रकार ठेवला गेला. त्यामुळे आजही ‘ट्रू’ अधिक ‘ट्रू’ यांची बेरीज २ येते. होकार किती आले हे मोजण्यासाठी सत्यमूल्यांच्या यादीवर ‘सम’ चालवता येते, ते याच वारशामुळे.

पायथॉनच्या लेखनशैलीची अधिकृत संहिता, म्हणजे २००१ मधील पेप ८, सांगते की यादी रिकामी आहे का हे पाहण्यासाठी तिची लांबी शून्याशी ताडून पाहू नये. ‘इफ नॉट यादी’ एवढे पुरेसे आहे. मात्र तीच संहिता हेही बजावते की ‘नन’शी तुलना नेहमी ‘इज’ किंवा ‘इज नॉट’ वापरूनच करावी, आणि जेथे ‘इज नॉट नन’ असा अर्थ अभिप्रेत आहे तेथे नुसते ‘इफ’ लिहिण्यापासून सावध राहावे. पहिला सल्ला सर्वांना पाठ असतो. दुसरा अनेकदा विसरला जातो.

‘आहे का?’ आणि ‘खरे आहे का?’

संग्रहावर ‘इफ’ लावला की पायथॉन एकच प्रश्न विचारतो : आत काही आहे का? आत काय आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. म्हणून ज्या यादीत केवळ ‘फॉल्स’ हा एक घटक आहे, ती यादी खरी ठरते. ज्या यादीत एकच शून्य आहे, तीही खरी. रिकाम्या डब्याच्या आत ठेवलेला रिकामा डबा बाहेरून पाहणाऱ्याला ‘काहीतरी’च असतो.

स्ट्रिंगच्या बाबतीत हे अधिक फसवे होते. रिकामी स्ट्रिंग खोटी; पण एकच मोकळी जागा असलेली स्ट्रिंग खरी. अवतरणचिन्हांतील शून्य हा अंक नसून अक्षर असल्यामुळे तोही खरा. फॉर्ममधून येणारी उत्तरे बहुधा मजकूर म्हणूनच येतात. त्यामुळे ‘येणार का?’ या प्रश्नाला कोणी स्पष्टपणे ‘नाही’ असे लिहिले, तरी ‘इफ उत्तर’ या चाचणीत तो नकार खराच ठरतो, कारण ‘नाही’ या शब्दात अक्षरे आहेत. मजकुराचा अर्थ प्रोग्रॅमरने वाचायचा असतो. भाषा केवळ त्याची लांबी पाहते.

याच नियमावर आधारलेली आणखी एक सवय म्हणजे ‘ऑर’ वापरून पर्यायी मूल्य देणे. ‘पाहुणे = दिलेली संख्या ऑर १०’ असे लिहिले, की संख्या न दिल्यास १० धरली जाते, हे सोयीचे वाटते. परंतु एखाद्याने विचारपूर्वक ० लिहिले असेल, तर त्याच्याही नावापुढे दहा पाने वाढली जातात. शून्य हे उत्तर आहे. उत्तराचा अभाव नव्हे.

‘ऑल’ आणि ‘एनी’ : घटकांना विचारणे

संग्रहाला न विचारता त्याच्या घटकांना विचारायचे असेल, तर ‘ऑल’ आणि ‘एनी’ ही दोन अंगभूत फंक्शने आहेत. ती सप्टेंबर २००६ मधील २.५ या आवृत्तीत आली. व्हान रॉसम यांनी त्याआधी ज्या एबीसी भाषेवर काम केले होते, तिच्यातही ‘काही’, ‘प्रत्येक’ आणि ‘एकही नाही’ अशा तीन चाचण्या होत्या. पायथॉनने पहिल्या दोन घेतल्या. तिसरी ‘नॉट एनी’ असे लिहून साधते.

‘ऑल’ घटक एकेक करून तपासते आणि पहिला खोटा घटक भेटताच थांबून ‘फॉल्स’ म्हणते. ‘एनी’ पहिला खरा घटक भेटताच थांबून ‘ट्रू’ म्हणते. लाखो नोंदींच्या संग्रहात उत्तर तिसऱ्याच घटकापाशी मिळाले, तर उरलेल्यांना हातही लागत नाही.

खरी गंमत, आणि खरा धोका, रिकाम्या संग्रहापाशी आहे. पुढील तीन ओळी पाहाव्यात :

ऑल([]) → ट्रू
ऑल([[]]) → फॉल्स
ऑल([[[]]]) → ट्रू

पहिल्या ओळीत घटकच नाहीत, म्हणून खोटा घटक सापडत नाही आणि उत्तर ‘ट्रू’ येते. दुसऱ्या ओळीत एक घटक आहे, पण तो रिकामी यादी असल्यामुळे खोटा. तिसऱ्या ओळीत एक घटक आहे, आणि त्याच्या आत काहीतरी आहे, म्हणून तो खरा. ‘एनी([])’ याचे उत्तर मात्र ‘फॉल्स’ येते, कारण खरा घटक एकही सापडत नाही.

रिकाम्या यादीतील ‘सर्व’ घटक खरे कसे, असा प्रश्न नव्याने शिकणाऱ्याला हमखास पडतो. भारतीय तर्कपरंपरेत जे मुळात नसतेच त्याचे उदाहरण म्हणून सशाचे शिंग पुढे केले जाते. ‘सशाची सर्व शिंगे सोन्याची असतात’ हे विधान खोटे ठरवायचे तर सोन्याचे नसलेले एक तरी सशाचे शिंग दाखवावे लागेल. ते कोणीच दाखवू शकत नाही. आधुनिक तर्कशास्त्र म्हणूनच अशा विधानाला सत्य मानते, जरी ते सत्य पोकळ असले तरी.

यामागे व्यवहाराचा हिशेबही आहे. मोठी यादी दोन भागांत तोडून प्रत्येक भाग ‘ऑल’ने तपासला आणि दोन्ही उत्तरे ‘अँड’ने जोडली, तर उत्तर अखंड यादीच्या उत्तराएवढेच यायला हवे. एखादा भाग रिकामा निघाला आणि त्याने ‘फॉल्स’ म्हटले, तर उरलेले सारे घटक खरे असूनही एकूण उत्तर खोटे होईल. शून्य संख्यांची बेरीज ० आणि शून्य संख्यांचा गुणाकार १ मानतात, ते याच न्यायाने. ‘ऑल’साठी तटस्थ मूल्य ‘ट्रू’ आहे, ‘एनी’साठी ‘फॉल्स’.

तर्क निर्दोष आहे, पण तो जसाच्या तसा सुरक्षेच्या दारावर उभा करता येत नाही. ‘सर्व पदार्थ या मुलाला चालणारे आहेत का?’ या चाचणीत पदार्थांची यादीच लोड झाली नसेल, तर ‘ऑल’ निःशंकपणे ‘ट्रू’ म्हणेल. ‘सर्व तपासण्या यशस्वी झाल्या का?’ या प्रश्नाला एकही तपासणी न चालताही होकार मिळेल. जेथे होकाराचा परिणाम गंभीर आहे, तेथे प्रश्न दोन असतात आणि ते दोन्ही लिहावे लागतात : ‘इफ यादी अँड ऑल(यादी)’. आधी यादीत काही आहे का, आणि मग जे आहे ते सारे खरे आहे का.

डिक्शनरीच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. मुलांची नावे आणि पालकांची संमती अशी जोडी डिक्शनरीत ठेवली आणि ‘ऑल(संमती)’ असे विचारले, तर पायथॉन नावे तपासतो, संमती नव्हे. कारण डिक्शनरीतून फिरताना तिच्या किल्ल्या हाती येतात. नावे रिकामी नसतात, म्हणून प्रत्येक पालकाने नकार दिला असला तरी उत्तर ‘ट्रू’ येते. येथे ‘ऑल(संमती.व्हॅल्यूज())’ असेच लिहायला हवे.

खोटी ठरलेली पहाट

हा केवळ नवशिक्यांचा गोंधळ नाही. खुद्द भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात तो अनेक वर्षे होता. पायथॉनच्या ‘डेटटाइम’ मॉड्यूलमध्ये दिवसातील वेळ दाखवणारा ‘टाइम’ हा प्रकार आहे. ३.५ पूर्वीच्या आवृत्त्यांत मध्यरात्रीचे ठीक बारा, म्हणजे शून्य तास शून्य मिनिटे, ही वेळ खोटी मानली जाई. एखाद्याने ‘इफ वेळ’ असे लिहून वेळ दिली आहे का हे तपासले, की चोवीस तासांतील नेमक्या त्या एका क्षणी प्रोग्रॅम ‘वेळ दिलेली नाही’ असे समजे.

वेळेला टाइमझोन जोडलेला असेल, तर नियम अधिकच विचित्र होता. घड्याळातील तास-मिनिटांतून जागतिक प्रमाणवेळेपासूनचे अंतर वजा करून शून्य उरले, तर ती वेळ खोटी. भारताचे अंतर अधिक साडेपाच तास. म्हणजे मुंबई-पुण्यातील पहाटेचे ठीक साडेपाच पायथॉनच्या लेखी खोटे होते. बेलव्ह्यूचे घड्याळ जागतिक वेळेच्या मागे असते. हिवाळ्यातील उणे आठ तासांचे ठरावीक अंतर जोडलेली कोणतीही वेळ मात्र कधीच खोटी ठरत नसे, कारण ऋण संख्या वजा केल्यावर शून्य उरणे शक्यच नव्हते. एकच प्रोग्रॅम, पण बेलव्ह्यूच्या वेळेवर केलेल्या चाचण्यांत सापडणार नाही आणि भारतात पहाटे एका क्षणापुरता उगवेल, असा हा दोष होता.

२०१२ मध्ये याविषयी पायथॉनच्या दोषनोंदणीत तक्रार आली. हे वर्तन दस्तऐवजात लिहिलेले असल्यामुळे तो दोषच नव्हे, अशीही भूमिका मांडली गेली. २०१४ मध्ये चर्चा पुन्हा पेटली, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये आलेल्या ३.५ या आवृत्तीपासून प्रत्येक वेळ खरी मानली जाऊ लागली. मध्यरात्र हा दिवसाचा आरंभ आहे, दिवसाचा अभाव नव्हे, हे अखेरीस मान्य झाले.

उत्तर नाकारणारे संग्रह

विदाविश्लेषणासाठी वापरली जाणारी नमपाय ही लायब्ररी याहून वेगळी वाट धरते. एकाहून अधिक घटकांच्या अॅरेला ‘इफ’ लावला, तर ती उत्तर देत नाही. सत्यमूल्य संदिग्ध आहे, ‘एनी’ वापरावे की ‘ऑल’ ते ठरवा, असे सांगून एरर देते. एकच घटक असेल तर मात्र त्या घटकाचे सत्यमूल्य देते. म्हणजे एका शून्याची यादी खरी, पण एका शून्याचा अॅरे खोटा. पांडाज लायब्ररीतील डेटाफ्रेमही सत्यता सांगण्यास नकार देतो. तो रिकामा आहे का, हे पाहण्यासाठी ‘एम्प्टी’ हा स्वतंत्र गुणधर्म आहे. प्रथमदर्शनी हा नकार त्रासदायक वाटतो, परंतु चुकीच्या होकारापेक्षा तो कितीतरी बरा.

पांडाज वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फाइलमधील रिकामा कक्ष वाचताना पांडाज तेथे सहसा ‘नॅन’ हे मूल्य ठेवते. ते शून्य नाही आणि ‘नन’ही नाही, ती एक दशांश संख्या मानली जाते, आणि शून्य नसल्यामुळे सत्यपरीक्षेत खरी ठरते. मघाच्या प्रोग्रॅममध्ये न दिलेले उत्तर ‘नाही’ समजले जात होते. येथे न दिलेले उत्तर ‘होय’ समजले जाईल. चाचणीसाठी ‘इजएनए’ वापरणे हाच मार्ग.

जनरेटर तर नेहमीच खरे असतात. त्यांना लांबी नसते, आणि आत काही उरले आहे का हे एक घटक बाहेर काढल्याशिवाय कळत नाही. पायथॉन २ मध्ये ‘फिल्टर’ यादी देत असे, म्हणून निकाल रिकामा आहे का हे ‘इफ’ने कळे. पायथॉन ३ मध्ये ‘फिल्टर’ व ‘मॅप’ हे मागणीनुसार एकेक घटक देतात आणि स्वतः सदैव खरे असतात. १ जानेवारी २०२० रोजी पायथॉन २ ला मिळणारा आधार संपला. त्या स्थलांतरात एररविना अर्थ बदलणाऱ्या जागांपैकी ही एक होती. शिवाय जनरेटरवर ‘एनी’ चालवले, की तपासलेले घटक खर्ची पडतात. नंतर त्याच जनरेटरमधून फिरणाऱ्याला उरलेलेच मिळतात.

तिसऱ्या मुलासाठी तीन वाटा

पुन्हा त्या फॉर्मकडे वळल्यास दुरुस्ती लहान आहे. ‘इफ अॅलर्जी इज नन’ असेल, तर ‘पालकांना विचारा’ असे छापावे. ‘एलिफ नॉट अॅलर्जी’, म्हणजे यादी आहे पण रिकामी आहे, तर ‘सर्व पदार्थ चालतील’. ‘एल्स’ या शेवटच्या वाटेवर यादीतील नावे वाचून पदार्थ ताडून पाहावेत. क्रमही महत्त्वाचा आहे. पहिल्या दोन वाटांची अदलाबदल केली, तर ‘नन’ पुन्हा ‘नॉट अॅलर्जी’च्या वाटेने निसटून जाईल.

अमेरिकेत खाद्यपदार्थांवरील लेबलांसाठी प्रमुख अॅलर्जीकारक म्हणून नऊ गोष्टी कायद्याने निश्चित केल्या आहेत. शेंगदाणे त्यांत पूर्वीपासून आहेत. तीळ १ जानेवारी २०२३ पासून नववा घटक म्हणून लागू झाला. खिचडीचे कूट आणि संक्रांतीचा तिळगूळ हे दोन्ही या यादीत बसतात. मराठी घरांतील कार्यक्रमांचे फॉर्म म्हणूनच केवळ हौसेचे काम राहत नाहीत.

प्रोग्रॅम तपासताना चार प्रश्न पुरतात. संग्रह अस्तित्वात आहे का? असेल तर तो रिकामा आहे का? नसेल तर त्यातील सर्व घटक खरे असायला हवेत, की एखादा पुरे? आणि घटकाचे शून्य असणे म्हणजे ‘नाही’ असे उत्तर आहे, की ‘शून्य’ असे? प्रत्येक प्रश्नासाठी पायथॉनमध्ये वेगळे शब्द आहेत. एकट्या ‘इफ’वर चौघांचा भार टाकला, की ते एकमेकांत मिसळतात. चाचण्या लिहिताना भरलेली यादी सर्वांना सुचते. तिच्यासोबत रिकामी यादी, ‘नन’, एका शून्याची यादी आणि ‘नाही’ हा शब्द, एवढी चार उदाहरणे जोडली, तर वरील बहुतेक सापळे पहिल्याच दिवशी उघडे पडतात.

दुरुस्त केलेला प्रोग्रॅम चालवल्यावर छापील यादीत दुसऱ्या मुलाच्या नावापुढचा शेरा बदलत नाही. तिसऱ्याच्या नावापुढे मात्र ‘पालकांना विचारा’ असे येते, आणि पंगत बसण्यापूर्वी कोणीतरी त्या घरी फोन लावते.